करमणुकीच्या पानांतला कादंबरीकार

पुण्यात १८९० साली वर्तमानपत्रांची वाण नव्हती. ‘केसरी’ सुरू होऊन नऊ वर्षे झाली होती. आगरकरांचा ‘सुधारक’ दोनच वर्षांपूर्वी निघाला होता आणि एके काळी एकाच शाळेत खांद्याला खांदा लावून शिकवणारी माणसे आता आपापल्या पत्रांतून परस्परांवर शस्त्र धरून उभी होती. संमतिवयाच्या कायद्याचा वाद पेटू लागला होता. मुलीचे लग्न कोणत्या वयात व्हावे, विधवेने कसे जगावे, इंग्रज सरकारने आपल्या घरात किती डोकावावे, या प्रश्नांनी शहर दुभंगले होते. अशा तापलेल्या हवेत सव्वीस वर्षांच्या एका तरुणाने नवे साप्ताहिक काढले आणि त्याचे नाव ठेवले ‘करमणूक’. ज्ञान, सुधारणा, स्वराज्य, प्रबोधन यांपैकी एकही भारदस्त शब्द त्याने मुखपृष्ठासाठी निवडला नाही. त्या तरुणाचे नाव हरि नारायण आपटे.

पुढच्या काळात मराठी समीक्षेने ‘करमणूकप्रधान’ हे विशेषण जवळजवळ शिवीसारखे वापरले. वाचनालयांतही दोन जाती पडल्या. एका कपाटात रहस्यकथा, अद्भुतरम्य कादंबऱ्या आणि हातोहात जाणारी, पाने कुरतडलेली पुस्तके. दुसऱ्या कपाटात अभ्यासक्रमाला लागणारे, जपून ठेवलेले ‘साहित्य’. ही वाटणी आता इतकी अंगवळणी पडली आहे, की मराठी कादंबरीचे जनक म्हणून ज्यांचे नाव आदराने घेतले जाते त्या हरिभाऊंनी आपली सर्वांत गंभीर कादंबरी ‘करमणूक’ नावाच्या साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने छापली, यातली विसंगती कोणाच्या सहसा ध्यानात येत नाही. हरिभाऊंना स्वतःला ती विसंगती वाटली असती असे मात्र त्यांच्या चरित्रावरून दिसत नाही.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. आई लहानपणीच गेली. घरचा आधार होता तो काका महादेव चिमणाजी आपटे यांचा. हे काका मुंबईच्या उच्च न्यायालयातील नामांकित वकील. त्यामुळे हरिभाऊंच्या बालपणाची काही वर्षे मुंबईत गेली आणि १८७८ पासून ते पुण्याचे झाले ते कायमचे. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, आगरकर आणि टिळक अशी गुरुमंडळी त्यांना लाभली. १८८२ साली विष्णुशास्त्री अकाली निवर्तले तेव्हा अठरा वर्षांच्या या विद्यार्थ्याने ‘शिष्यजनविलाप’ नावाचे शोककाव्य लिहिले. त्यानंतर लवकरच आगरकरांनी केलेल्या ‘हॅम्लेट’च्या भाषांतरावर, म्हणजे ‘विकारविलसिता’वर, त्याने दीर्घ टीका लिहिली. गुरूच्या ग्रंथावर उघडपणे टीका करण्याचे धाडस त्या वयात ज्याच्या अंगी होते, त्याला महाविद्यालयात मात्र गणिताने दगा दिला. पदवी राहिली ती राहिलीच. त्या काळी पदवी हुकणे म्हणजे सरकारी नोकरीचा दरवाजा बंद होणे. हरिभाऊंच्या बाबतीत तो दरवाजा बंद झाला हे मराठी वाचकांचे भाग्य म्हणावे लागेल.

इंग्रजी वाचन अफाट होते. त्यात शेक्सपिअर होता, स्कॉट होता. पण त्यात रेनॉल्ड्सही होता, आणि या नावापाशी थोडे थांबले पाहिजे. जॉर्ज रेनॉल्ड्स हा डिकन्सचा समकालीन. लंडनच्या गरीब वस्त्यांत आठवड्याला एक पेनी किमतीच्या भागांतून त्याच्या कादंबऱ्या विकल्या जात. खून, कारस्थाने, सरदारांच्या वाड्यांतील अनाचार, पतित स्त्रिया, तळघरे असा सगळा मालमसाला त्यांत ठासून भरलेला असे. डिकन्सला तो मुळीच आवडत नसे. इंग्लंडमधील प्रतिष्ठित टीकाकारांनी त्याला वाङ्मयात जागाच दिली नाही आणि तिकडे तो पुढे विस्मृतीतही गेला. हिंदुस्थानात मात्र त्याने मोठे राज्य केले. नवशिक्षित तरुण त्याची पुस्तके अधाशासारखी वाचत. मराठीत त्याची भाषांतरे आणि रूपांतरे निघत राहिली. गोविंद नारायणशास्त्री दातार यांच्या ‘कालिकामूर्ती’सारख्या, एके काळी वाचकांनी डोक्यावर घेतलेल्या कादंबऱ्यांच्या मुळाशीही रेनॉल्ड्सच आहे.

हरिभाऊंची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ पासून ‘पुणे वैभव’ पत्रात क्रमशः येऊ लागली, तेव्हा तिचाही सांगाडा रेनॉल्ड्सच्या एका लंडनविषयक कादंबरीवरून घेतलेला होता. मराठीतील पहिला महान वास्तववादी कादंबरीकार आपली लेखणी परजतो ती एका पेनीवाल्या लेखकाच्या सहाणेवर. साहित्याच्या इतिहासात ही गोष्ट थोडी ओशाळेपणाने, ओझरती सांगितली जाते. तसे करण्याचे कारण नाही. हरिभाऊंनी रेनॉल्ड्सकडून काय घेतले आणि काय टाकले, यातच त्यांच्या पुढच्या सगळ्या वाटचालीचे बीज आहे.

त्यांच्या आधीची मराठी कादंबरी आठवून पाहावी. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्येच विधवांच्या दुःखाविषयी बोलली होती. पण ती वाट पुढे कोणी फारशी चालली नाही. लोकांना भावली ती हळबेशास्त्रींची ‘मुक्तामाला’ आणि रिसबुडांची ‘मंजुघोषा’. तेथे राजपुत्र, राजकन्या, संकटे, सुटका आणि अखेरीस सगळ्यांचे गोड मीलन. या कथा कोणत्याही गावात घडत नसत आणि कोणत्याही वर्षी घडत नसत. रेनॉल्ड्स कितीही भडक असला, तरी त्याच्या कथा एका ठरावीक शहरात घडत होत्या. त्यांतील गल्ल्यांना नावे होती, पैशाचे व्यवहार होते, वर्तमानकाळाची दुर्गंधी होती. हरिभाऊंनी त्याची तळघरे बाजूला ठेवली आणि वर्तमानकाळ उचलला. जुने सुटले आणि नवे नीट हाती लागले नाही अशा मधल्या अवस्थेत लोंबकळणारी इंग्रजी शिकलेली पिढी, तिची व्यसने आणि तिचे ढोंग, हा त्यांनी विषय केला. अशा कादंबऱ्यांना त्यांनी नाव दिले ‘आजकालच्या गोष्टी’. हे नावही कसे साधे, बाजारात पटकन समजेल असे आहे पाहा.

‘करमणूक’ निघाले ते या पार्श्वभूमीवर. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ बुद्धीला आणि रागाला आवाहन करीत होते. हरिभाऊंचे पत्र घरातल्या सर्वांच्या हाती निःशंकपणे देता यावे अशा बेताने आखलेले होते. त्यात कविता असे, चुटके असत, शास्त्रीय माहिती असे, एका अंकात संपणारी ‘स्फुट गोष्ट’ असे आणि क्रमशः चालणारी कादंबरी असे. या स्फुट गोष्टींतून मराठी लघुकथा आकाराला आली. दुष्काळाने गांजलेल्या माणसांची ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही त्यांपैकीच एक. करमणुकीच्या पत्रात भुकेची गोष्ट छापणे संपादकाला विजोड वाटले नाही.

आणि या करमणुकीच्या पत्रातच आरंभापासून ‘पण लक्षात कोण घेतो!’ येऊ लागली. कादंबरी यमू या मुलीने स्वतः सांगितलेल्या आत्मकथेच्या रूपात आहे. खेळात रमलेली पोर, तिचे लहानपणीच झालेले लग्न, सासरची माणसे, शिकायला उत्तेजन देणारा नवरा रघुनाथराव, मुंबईच्या बिऱ्हाडातले मोकळ्या हवेचे थोडे दिवस, मग नवऱ्याचा मृत्यू आणि त्यानंतर कपटाने व बळजोरीने केलेले केशवपन. एवढाच कथाभाग. परंतु तो ज्या आवाजात सांगितला आहे तो आवाज मराठी गद्यात त्याआधी उमटलेला नव्हता. स्वयंपाकघरातले, माजघरातले, विहिरीवरचे बोलणे. बायकांचे टोमणे आणि हुंदके. मुलीला न कळता कळणाऱ्या गोष्टी. पंचविशीतल्या एका पुरुषाने हे कसे लिहिले, याचे वाचकांना नवल वाटत आले आहे. काशीबाई कानिटकरांसारख्या लेखिकेशी असलेला त्यांचा स्नेह आणि पत्रव्यवहार याचा त्यात वाटा असलाच पाहिजे. पण केवळ माहिती मिळून असा आवाज सापडत नाही.

काळाचा संदर्भ ध्यानात घेतला की या कादंबरीची धार अधिक कळते. १८९० मध्येच मुंबईच्या नाभिकांनी सभा भरवून विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला होता. मार्च १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर आले. त्यावरून पुण्यात सभा उधळल्या गेल्या. म्हणजे यमूची कथा दर आठवड्याला घरात येत होती तेव्हा त्या घरातली पुरुषमंडळी बाहेर याच प्रश्नावर भांडून आलेली असत. ‘सुधारका’तील लेख न पटणारा माणूस तो अंक घरात येऊ देणार नाही, हे सहज शक्य होते. ‘करमणूक’ला मात्र बंदी कशासाठी करायची? ती तर करमणूक. पुढच्या हप्त्यात काय होणार या उत्सुकतेने जो वाचक यमूच्या मागे चालत गेला, तो त्या अखेरच्या भयंकर प्रसंगापर्यंत पोहोचला तेव्हा परत फिरणे त्याला शक्य नव्हते. वादविवादात ज्या विधवेची केवळ संख्या होते, तिला त्याने तीन वर्षे दर आठवड्याला ऐकलेले होते.

म्हणून लोकप्रिय कादंबरीची साधने येथे केवळ वेष्टन म्हणून आलेली नाहीत. हप्त्याची रचना, उत्कंठा, शंकरमामंजींसारखा वरून सोज्ज्वळ व आतून कपटी खलपुरुष, एका सुखी संसाराशेजारी ठेवलेला मैत्रीण दुर्गीचा दुःखी संसार, ही सगळी सामग्री जनप्रिय कथेच्या भात्यातली. शंकरमामंजी तर थेट रेनॉल्ड्सच्या पानांतून उठून पुण्याच्या वाड्यात येऊन बसले आहेत असे वाटावे. परंतु त्यांच्या हाती जी सत्ता आहे ती कोणत्याही कारस्थानी सरदाराची नाही. ती रूढीने घरातल्या कोणत्याही वडीलधाऱ्या पुरुषाला आपसूक दिलेली आहे. खलपुरुष ओळखीचा निघाला, आणि तेथे भडक कथेचे वाङ्मय झाले.

या पद्धतीची किंमतही हरिभाऊंनी मोजली आणि ती लहान नव्हती. साप्ताहिकाला दर आठवड्याला मजकूर लागतो. लेखकाला सुचो न सुचो, अंक थांबत नाही. हरिभाऊ बहुतेक वेळा एक सामाजिक आणि एक ऐतिहासिक अशा दोन कादंबऱ्या एकाच सुमारास चालवीत. मागचे प्रकरण छापून गेलेले असे. ते फिरवता येत नसे. यातून जो पाल्हाळ आला त्याबद्दल टीकाकारांनी त्यांना वारंवार दोष दिला आणि तो दोष खरा आहे. आज ‘मी’ किंवा ‘जग हे असे आहे’ वाचताना पानेच्या पाने उलटण्याचा मोह कोणाला झाला, तर त्याला अरसिक म्हणता येणार नाही. त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे अपुऱ्या राहिलेल्या कादंबऱ्या. ‘गणपतराव’, ‘आजच’, ‘सूर्यग्रहण’, ‘काळकूट’, ‘कर्मयोग’ अशी ही यादी आहे. वीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिलेल्या लेखकाच्या नावावर इतक्या अपूर्ण कृती असाव्यात, ही हप्तेबंद लेखनाने वसूल केलेली खंडणीच म्हणायची.

दुसरीकडे याच घाईने त्यांना एक गुण दिला. आधी सगळा आराखडा बांधून लिहिणाऱ्या लेखकाची पात्रे पुष्कळदा त्या आराखड्याची नोकर असतात. हरिभाऊंची पात्रे वर्षानुवर्षे त्यांच्याबरोबर आणि वाचकांबरोबर राहिली, वाढली, थोडीफार बदललीही. ‘मी’मधला भाऊ हा गरीब विद्यार्थी देशसेवेला वाहून घेणारा भावानंद होतो, तो एका प्रकरणात होत नाही. ही कादंबरी १८९५ पर्यंत पुरी झाली. आयुष्यभराचे सेवाव्रत घेतलेल्या सुशिक्षितांची संस्था ही कल्पना ना. गोखल्यांनी भारत सेवक समाजाच्या रूपाने प्रत्यक्षात आणली ती त्यानंतर दहा वर्षांनी, १९०५ साली. कादंबरीतून संस्था निघाली असे म्हणण्याचे कारण नाही. पण हवेत असलेली गोष्ट कादंबरीकाराच्या कानी आधी आली होती, एवढे नक्की.

ऐतिहासिक कादंबऱ्यांची कथा वेगळी आहे. हरिभाऊंचे दोन तुकडे करण्याची प्रथा येथूनच पडली. सामाजिक कादंबऱ्या म्हणजे वाङ्मय आणि ऐतिहासिक कादंबऱ्या म्हणजे लोकरंजन, अशी ती सोयीस्कर विभागणी. वरवर पाहता तिला आधार आहे. त्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी ‘म्हैसूरचा वाघ’ ही मेडोज टेलरच्या टिपू सुलतानावरील इंग्रजी कादंबरीवरून घेतलेली. १८९५ ते १८९७ या काळात ‘उषःकाल’ आली तेव्हा तिच्यात वेषांतरे, गुप्त खलबते, ऐनवेळी उलगडणारी रहस्ये अशी स्कॉटच्या आणि काही अंशी रेनॉल्ड्सच्याही घराण्यातली यंत्रणा जोरात चालू होती. त्यातच १८९६ मध्ये रायगडावर शिवाजी उत्सव सुरू झाला. वाचकांनी ही कादंबरी झपाटल्यासारखी वाचली यात आश्चर्य नाही.

परंतु ‘उषःकाल’चे मर्म त्या यंत्रणेत नाही. विजापूरची इमाने इतबारे चाकरी केलेले रंगराव अप्पा आणि शिवाजीकडे ओढला गेलेला त्यांचा मुलगा नानासाहेब यांच्यातला संघर्ष हे तिचे मर्म आहे. बाप दुष्ट नाही. ज्याचे अन्न खाल्ले त्याच्याशी बेइमानी करायची नाही, ही त्याची निष्ठा खरी आहे आणि मुलाची निष्ठाही तितकीच खरी आहे. आता हे दोघे तीनशे वर्षांपूर्वीचे किल्लेदार आणि त्याचा पुत्र आहेत, की १८९५ मधला सरकारी नोकरीत पेन्शनीला आलेला बाप आणि नव्या वाऱ्याने भारलेला त्याचा कॉलेजातला मुलगा आहेत, असा प्रश्न वाचकाला पडतो. बहुधा दोन्ही. ‘आजकालच्या गोष्टी’ आणि ऐतिहासिक गोष्टी यांच्यात हरिभाऊंनी घातलेली भिंत अशी पातळ होती.

लोकप्रियतेचा दुसरा, अधिक अवघड पैलू ‘गड आला पण सिंह गेला’मध्ये दिसतो. ही कादंबरी १९०३-०४ मधली. तानाजीचे बलिदान पोवाड्यांनी आणि बखरींनी आधीच अजरामर केले होते. हरिभाऊंनी त्यात उदयभानूच्या तावडीत सापडलेल्या कमलकुमारीची कथा गुंफली आणि प्रसंगाला कादंबरीचा ताण दिला. परिणाम इतका झाला की सामान्य मराठी माणसाच्या मनातला सिंहगड हा कादंबरीतला सिंहगड झाला. बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये याच कादंबरीवरून ‘सिंहगड’ हा मूकपट काढला आणि दहा वर्षांनी शांतारामबापूंनी बोलपट. वास्तविक १६७० च्या आधीच्या कागदपत्रांतही गडाचे सिंहगड हे नाव आढळते. तानाजी पडला म्हणून नाव पडले ही समजूत कागदांच्या कसोटीला उतरत नाही. तरीही ती हटत नाही. जनप्रिय कादंबरीचे सामर्थ्य आणि तिचा धोका हे दोन्ही एकाच ठिकाणी पाहायचे असतील तर याहून चांगले उदाहरण मराठीत मिळणार नाही. येथे हरिभाऊंना सगळे माफ करावे असे नाही. पण दंतकथा घडविण्याइतके बळ ज्या लेखणीत असते तिला कमअस्सल तरी म्हणू नये.

अद्भुत आणि वास्तव यांचा हा वाद त्या काळीही चालू होताच. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०२ मध्ये ‘कादंबरी’ हा प्रदीर्घ निबंध लिहिला आणि अद्भुतरम्य व वास्तववादी अशा दोन जातींचा विचार करताना अद्भुताची बाजू उचलून धरली. कागदपत्रांच्या एकेका चिठोऱ्यासाठी गावोगाव हिंडणाऱ्या संशोधकाने कल्पनेच्या भरारीचा पक्ष घ्यावा, हे पाहून आजचा वाचक थोडा चकित होतो. हरिभाऊंनीही ‘विदग्ध वाङ्मय’ या विषयावर व्याख्यान दिले होते. म्हणजे उच्च वाङ्मय कशाला म्हणावे याचा विचार त्यांच्या डोक्यात नव्हता, सहज लिहिता लिहिता त्यांच्या हातून काही चांगले उतरले, असा समज कोणी करून घेऊ नये.

त्यांच्या दिनक्रमाची दुसरी बाजू पाहिली तर हा गैरसमज उरतच नाही. काकांनी १८८८ मध्ये पुण्यात आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली होती. संस्कृत हस्तलिखिते मिळवायची, त्यांतील पाठ ताडून पाहायचे आणि ग्रंथ शुद्ध स्वरूपात छापायचे, हे तिचे काम. १८९४ साली काका वारले आणि संस्थेचा सगळा भार हरिभाऊंवर आला. ब्रह्मपुराण १८९५ मध्ये तेथून निघाले. अपरार्काच्या टीकेसह याज्ञवल्क्यस्मृती १९०३ पासून निघाली. या ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर प्रकाशक म्हणून नाव आहे हरि नारायण आपटे यांचे. यमूच्या दुःखाची कथा लिहिणारा हात स्मृतिग्रंथ छापीत होता. ‘उषःकाल’च्या हप्त्याची शाई वाळत असताना पुराणाची मुद्रिते तपासली जात होती. सनातनी पंडितांना त्यांच्या कादंबऱ्या रुचल्या नसतील आणि सुधारकांना त्यांचे स्मृतिग्रंथ. हरिभाऊ दोन्ही करीत राहिले. याशिवाय पुणे नगरपालिकेचे काम होते, तिचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. मोलिअरच्या प्रहसनांची रूपांतरे, ‘संत सखूबाई’सारखे नाटक हे आणखी वेगळेच.

मानसन्मान यथाकाल आले. १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९१५ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना मराठी भाषेवर विल्सन व्याख्याने देण्यास पाचारण केले. गणितापायी ज्याची पदवी हुकली, त्याला विद्यापीठाने व्यासपीठावर बसविले. आणि या प्रतिष्ठेच्या दिवसांत ते ‘करमणूक’साठी काय लिहीत होते? ‘वज्राघात’. विजयनगरच्या विनाशाची ही कादंबरी १९१३ ते १९१५ या काळात आली. रामराजा तरुणपणी मेहेरजानला अव्हेरतो आणि वर्षांनंतर तिच्याच पोटी झालेला त्याचा मुलगा रणमस्तखान, बाप कोण हे ठाऊक नसताना, त्याच्या सर्वनाशाचे साधन होतो. ओळख न पटलेला पुत्र ही लोककथेतली आणि स्वस्त कादंबरीतली अतिपरिचित युक्ती. हरिभाऊंनी ती अशी वापरली की एका साम्राज्याचा अंत एका माणसाच्या जुन्या पापातून उगवलेला दिसावा. पाल्हाळ येथे बराच आटोपलेला आहे. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी लोकप्रिय कथेचे हत्यार टाकून दिले नाही, ते अधिक पाजळून घेतले.

‘करमणूक’च्या पानांनी आणखी एक देणे दिले. त्यात अधूनमधून कृष्णाजी केशव दामले नावाच्या एका शाळामास्तरांच्या कविता येत. केशवसुत म्हणून आज ज्यांना आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक मानले जाते, ते हेच. त्यांची कविता त्या काळच्या बहुतेकांना दुर्बोध आणि ओबडधोबड वाटे. चुटक्यांच्या आणि चालू कादंबरीच्या शेजारी हरिभाऊंनी त्यांना जागा दिली. केशवसुत १९०५ मध्ये हुबळीस निवर्तले तेव्हा त्यांच्या नावावर एकही संग्रह नव्हता. तो पहिला संग्रह हरिभाऊंनी १९१७ मध्ये प्रकाशित केला.

हरिभाऊंनंतर ही वाट दुभंगत गेली. नाथमाधवांनी त्यांच्या ऐतिहासिक कादंबरीचा धागा उचलला. पुढे फडके आणि खांडेकर यांच्या निमित्ताने कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा वाद रंगला. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहून स्वतःचा स्वतंत्र वाचकवर्ग उभा केला आणि समीक्षकांनी तिकडे पाहिलेही नाही. प्रत्येकाने आपापले कपाट पक्के केले. हरिभाऊंना कोणत्या कपाटात ठेवावे हा प्रश्न तेवढा राहिला; तो पाठ्यपुस्तकांनी ‘पण लक्षात कोण घेतो!’ एका बाजूला आणि बालवाचकांच्या संक्षिप्त आवृत्त्यांनी ‘गड आला पण सिंह गेला’ दुसऱ्या बाजूला ठेवून सोडविला.

‘करमणूक’ १९१७ साली थांबले. त्यात चालू असलेली ‘कर्मयोग’ही अपुरी राहिली. ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात हरिभाऊंचे निधन झाले. वयाची पंचावन्न वर्षे पुरी व्हायला पाच दिवस उरले होते. ‘सूर्यग्रहण’चा पुढचा हप्ता येईल म्हणून वाट पाहणाऱ्या वाचकांना तोवर दहा वर्षे झाली होती.